वावरातून स्लॅबखाली: काटोलकडच्या एका गावातल्या वीज-इशाऱ्याच्या नोंदी

९ मार्च, नागपूर

मामाचं गाव काटोल तालुक्यात. थोड्या संत्र्याच्या बागा, बाकी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. उन्हाळी वादळं तिकडे बहुतेक दुपारी तीननंतर उठतात, आणि त्या वेळी अर्धं गाव वावरात असतं. गेल्या वर्षी शेजारच्या शिवारात आंब्याखाली थांबलेली एक बाई वीज पडून गेली. घरच्यांना सरकारचे ४ लाख रुपये मिळाले. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात विजेने २,८०० हून जास्त माणसं मेली. पूर किंवा उष्माघातापेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि मरणारे बहुतेक शेतात नाहीतर गुरांमागे असतात.

त्या दिवशी इशारा निघालाच नव्हता असं नाही. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा तीन तासांचा नाऊकास्ट, म्हणजे लगेच पुढच्या वेळेचा अंदाज, आला होता, पण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. दामिनी ॲप गावातल्या काही पोरांच्या फोनमध्ये आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं हे ॲप आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडली की कळवतं. काम चोख आहे. पण धसकटं वेचणाऱ्या बाईच्या कमरेला फोन नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो ते आभाळ गाजायला लागलं की तो बंद करून ठेवतात. फोन इज ओढून घेतो, असा पक्का समज. तो खरा नाही, पण समज काढून टाकायला वर्षं लागतील आणि वादळ पुढच्या महिन्यात येणार आहे.

म्हणून ठरलं: गावात भोंगा बसवायचा, आणि तो वेळेवर वाजवायचा. वेळेवर म्हणजे किती आधी, हे आज तरी माहीत नाही.

१५ मार्च

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाऊन सामान आणलं. वीज ओळखणारी चिप एएस३९३५, तयार बोर्डावर, २,१०० रुपये. ती ऑनलाइन मागवावी लागली. सगळं चालवणारा छोटा संगणक, म्हणजे ईएसपी३२ बोर्ड, ४२०, हवेचा दाब-तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई२८० साडेतीनशे, सिम टाकायचं सिम८००एल मॉड्यूल ३८०, १२ व्होल्टचा भोंगा ६५०. बीएमई२८० म्हणून विकलेला एक बोर्ड बीएमपी२८० निघाला, म्हणजे आर्द्रता मोजतच नाही. दोन्ही दिसायला सारखे. घेताना दुकानातच चिपचा आयडी वाचून पाहा: बीएमईचा ०x६०, बीएमपीचा ०x५८. आपल्या कामाला दाब आणि तापमान पुरे, म्हणून तोच ठेवला आणि वरचे पैसे परत घेतले.

एएस३९३५ करते काय, तर ५०० किलोहर्ट्झच्या आसपास विजेचा जो रेडिओ-खडखडाट होतो तो ऐकते. नमुना विजेसारखा वाटला तर अंदाजे अंतर सांगते: ४०, ३७, ३४, ३१, २७, असं उतरत उतरत ५ किलोमीटर आणि मग थेट १, म्हणजे डोक्यावर. दिशा सांगत नाही. दिशा हवी तर तीच वीज निरनिराळ्या ठिकाणच्या केंद्रांवर किती मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचली ते मोजावं लागतं. ते एका गच्चीवरून होणारं काम नाही.

२३ मार्च

आठवडा अँटेनात गेला. विजेची नक्कल कशी करायची, म्हणून सगळे स्वयंपाकघरातला गॅस लायटर बोर्डाजवळ टिचकावून पाहतात. त्याने चिप जागी होते, पण 'व्यत्यय' म्हणून सोडून देते, आणि तेच बरोबर आहे. लायटरला ती 'वीज' म्हणाली तर सेटिंग फार सैल आहे असं समजा.

खरी तपासणी फ्रिक्वेन्सीची. चिपच्या इंटरप्ट पिनवर (वीज ऐकली की ईएसपी३२ ला खूण करणारी पिन) अँटेनाची फ्रिक्वेन्सी १६ ने भागून बाहेर काढता येते. ती ईएसपी३२ ने मोजली: ३२.६ किलोहर्ट्झ. गुणिले १६ म्हणजे ५२१.६. हवी ५००, आणि साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. इथे चार टक्क्यांच्या वर. बोर्डासोबत आलेल्या कागदावर 'कारखान्यातून ट्यून केलेला' लिहिलं होतं. चिपमध्ये ८ पिकोफॅरडच्या पायऱ्यांनी कपॅसिटर जोडायची सोय आहे, शून्य ते १५. एकेक पायरी वाढवत गेलो. दहाव्या पायरीला ३१.२८ किलोहर्ट्झ आलं, म्हणजे ५०० ला अगदी लागून. तो आकडा प्रोग्रॅममध्ये कायम केला. ट्यूनिंग न करता बसवलं असतं तर यंत्र चालू दिसलं असतं, लांबच्या विजा मात्र ऐकल्या नसत्या, आणि ते कळलं असतं नेमकं वादळात.

आणखी एक: इंटरप्ट आला की लगेच चिपचं रजिस्टर, म्हणजे खुणेचं कारण लिहिलेली जागा, वाचू नका. २ मिलिसेकंद थांबावं लागतं, नाहीतर कारणाच्या जागी शून्य मिळतं. आम्ही तेवढ्यासाठी वायरिंग उगाच दोनदा उकललं.

५ एप्रिल

बाल्कनीत ठेवून नोंद घेत होतो. गेल्या आठवड्यापर्यंत रात्रभर एकही खोटी वीज नव्हती. काल संध्याकाळपासून ओळीने नोंदी: २७ किलोमीटर, ३१ किलोमीटर, ४०. आभाळात ढगाचा ठिपका नाही, दामिनीचा नकाशा कोरा.

घरात कूलर सुरू झाला होता. आमचा, वरच्यांचा, समोरच्या बिल्डिंगमधले सगळे. नागपुरात एप्रिल लागला की खिडकीखिडकीत वाळ्याच्या ताट्या भिजतात. पंख्याची मोटर आणि पाण्याचा पंप सुरू-बंद होताना ठिणगी पडते, ती रेडिओवर वाजते. आमचा कूलर बंद करून पाहिला तर नोंदी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग यंत्राला ज्या मोबाइल चार्जरवर लावलं होतं तो काढून बॅटरी लावली. ऐंशी टक्के कटकट तिथेच गेली. बाजारातला स्वस्त चार्जर स्वतःच फार आवाज करतो. उरलेली कटकट ईएसपी३२ च्या वायफायची: अँटेना त्याच्या बोटभर अंतरावर होती.

शहरात हे यंत्र तपासून उपयोग नाही, हा आजचा धडा. गावात कूलर कमी, पण तिथे विहिरींवरचे मोटरपंप आहेत. त्याची तयारी आधीच ठेवावी लागेल.

१२ एप्रिल

सेन्सरच्या बाजूने एक गोष्ट नक्की झाली: तो 'किती लांब' सांगेल, 'कुठून आणि कुठे' सांगणार नाही. ते रडारवरून काढायचं. नागपूरचं डॉप्लर रडार गावापासून पन्नास-एक किलोमीटरवर आहे, हे आपलं नशीब. हवामान विभागाच्या साइटवर त्याची चित्रं ठरावीक मिनिटांनी बदलत राहतात.

पहिली अडचण वेळेची. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. ०९३० म्हणजे आपले दुपारचे ३. मामाच्या पोराने पहिल्या दिवशी सकाळचं चित्र समजून सोडून दिलेलं होतं ते ताजं निघालं. आता भिंतीवर तक्ता लावला आहे: ०७३० म्हणजे १, ०८३० म्हणजे २, असा रात्री ९ पर्यंत.

दुसरी अडचण, चित्रात आपलं गाव कुठे. जिल्ह्याच्या सीमा पुसट दिसतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर गावाभोवती २०, ४०, ६० किलोमीटरची वर्तुळं काढली, वरुड, मोर्शी, पांढुर्णा, कळमेश्वर एवढ्या खुणा केल्या, आणि तो तुकडा जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवला. वरुड आणि पांढुर्णा ४० च्या वर्तुळावर, मोर्शी ६० च्या. उन्हाळ्यात वादळं आमच्याकडे बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून येतात, म्हणजे याच तीन गावांवरून.

मोजायची रीत साधी. ४० डीबीझेडच्या (ढगातून परतलेल्या रडार-लहरींच्या जोराचं माप) वरचा जो रंग आहे त्याची आपल्याकडची कड पाहायची. वीस मिनिटांनी तीच कड कुठे आली ते पाहायचं. अंतर गुणिले तीन, हा ताशी वेग. ५५ च्या वरचा रंग दिसला तर गारांचा संशय धरायचा, आणि बागवाल्यांना वेगळा फोन करायचा. मोर्शीच्या अंतरावर रडारचा सगळ्यात खालचा किरण जमिनीपासून साधारण पावणेदोन किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळे तिथे जमिनीवर काय चाललंय ते चित्रात दिसत नाही. ढगाच्या पोटातलं दिसतं. आपल्याला तेवढं पुरतं.

१९ एप्रिल, गाव

आज यंत्राला हात लावला नाही. चाललो.

मामीला आणि तिच्यासोबत धसकटं वेचणाऱ्या बायांना विचारलं, सगळ्यात लांबचं वावर कोणतं. नाल्यापलीकडचं. तिथून शाळेच्या स्लॅबपर्यंत त्यांच्या चालीने चालत आलो, घड्याळ लावून. एकटा तरणा माणूस १५ मिनिटांत येतो. बाया, एक लहान पोरगी, डोक्यावर भारा: २५ मिनिटं. मामी नाल्याच्या चढावर थांबली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाबू, हे आत्ता कोरडं हाय. पाणी आलं का नाला सोडून वरून फिरा लागते." म्हणजे पावसाच्या आधीच निघायला हवं. आणि बैल? "बैलं जुपलेली सोडून कोण येते?" जू काढायचं, बैल झाडाखाली न बांधता मोकळ्या जागी सोडायचे, यात पाच मिनिटं जातात.

३० मिनिटं. वादळाचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर ३० मिनिटांत ते २० किलोमीटर कापतं. म्हणजे भोंगा २० किलोमीटरला वाजला पाहिजे. पुढच्या सगळ्या सेटिंगचा आकडा आज मिळाला, आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता. गाव बदललं की हा आकडा बदलेल. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी लांबच्या वावरातून चालून पाहावं, मग चिप विकत घ्यावी.

अडचण अशी की गडगडाट १५ किलोमीटरच्या पुढचा सहसा ऐकूच येत नाही. २० ला भोंगा वाजेल तेव्हा माणसाला डोक्यावर ऊन दिसेल. बायांपैकी एकीने सरळ विचारलं, "आभाळ कोरडं असलं आन् आम्ही काम टाकून आलो, मंग रोज कोण देईन?" अर्धा रोज बुडाला तर दीडशे रुपये. दोनदा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्यांदा कोणी येणार नाही, आणि न येणाऱ्याला दोष देता येणार नाही. लांबच्या अंतरावरच सेन्सरच्या खोट्या नोंदी सर्वांत जास्त असतात, हे बाल्कनीत पाहिलेलं आहे. लवकर वाजवायचं आणि खोटं वाजवायचं नाही, ही दोन्ही कामं एकट्या सेन्सरकडून होणार नाहीत.

२६ एप्रिल, गाव

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पेटी बसवली. आत ईएसपी३२, सेन्सर, १८६५० चे लिथियम सेल, वर सोलर पॅनेल. दुपारी अडीच वाजता पेटी उघडून आत तापमापक ठेवला: ६१ अंश. लिथियम आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. आणि सोलर पॅनेल नेमका त्याच वेळी सर्वांत जोरात चार्ज करतं. पेटी तशीच उतरवली.

सेलचं व्होल्टेज उतरवून बोर्डाला देणारा रेग्युलेटरही चुकीचा पडला. एएमएस१११७ स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, पण त्याला आत-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये साधारण १ व्होल्टचा फरक लागतो. सेल ३.७ वर उतरला की बाहेर २.६ च्या आसपास, आणि ईएसपी३२ सारखा रीसेट. टेबलावर पूर्ण भरलेल्या सेलवर हे लक्षात येत नाही.

४ मे

दोन पेट्या केल्या. हाच आतापर्यंतचा सर्वांत कामाचा बदल.

छोटी पेटी गच्चीवर, उत्तरेच्या कठड्याच्या सावलीत, पांढरा रंग दिलेली. आत फक्त एएस३९३५ आणि ३.३ व्होल्टचा प्रो मिनी हा कमी वीज खाणारा छोटा बोर्ड, त्याचा लाल एलईडी उपटून काढलेला, एरवी झोपलेला, वीज आली की उठणारा. तीन साधे एए सेल. चार्जिंग नाही, वायफाय नाही, स्विचिंग सप्लाय नाही, म्हणजे कटकट करणारं काहीच नाही. चिप ऐकत असताना शंभर मायक्रोअँपिअरच्या आत भागतं, सेल हंगाम काढतील.

मोठी पेटी खाली खोलीत: यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी (१,०५०), भोंग्याचा रिले, ईएसपी३२, सिम मॉड्यूल. दोन्हींमध्ये केबल, आणि केबलच्या खालच्या टोकाला ऑप्टोकपलर. तो सिग्नल तारेऐवजी प्रकाशाने पुढे देतो, म्हणून जवळ वीज पडून केबलमध्ये झटका आला तर तो सहसा त्याच्या पलीकडे जात नाही. छोटी पेटी उंच पाइपावर लावू नका. या सेन्सरला उंची लागत नाही, आणि गच्चीवरचा उंच पाइप विजेला आमंत्रण.

पंपांचाही त्रास दिसला. लाइन आली की शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि एक-दोन खोट्या नोंदी पडतात. त्यावर उपाय प्रोग्रॅममध्ये: दहा मिनिटांत २० किलोमीटरच्या आत तीन नोंदी झाल्याशिवाय भोंगा नाही. मोटरची नोंद एखादी येते, ओळीने तीन येत नाहीत.

११ मे

पहिलं खरं वादळ, आणि आमचं गणित कोलमडलं.

दुपारी साडेतीनला मोर्शीच्या अलीकडे मोठा लाल तुकडा. वीस मिनिटांत १२ किलोमीटर सरकला, म्हणजे ताशी ३६. गावाला पोचायला सव्वा तास. मामाच्या पोराने तसं सांगितलं आणि सगळे निश्चिंत. चारच्या सुमाराला बीएमपीने दाखवलं ते आत्ता नोंदीत पाहतोय: तापमान ४१ वरून पंधरा मिनिटांत ३० वर, दाब एकदम दीड हेक्टोपास्कलने वर. धुळीची भिंत आली. त्या वादळाच्या पोटातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पुढे पळाली होती. तिने समोरची गरम दमट हवा उचलली, आणि गावापासून ८ किलोमीटरवर नवा ढग फुटला. रडारवर तो दोन चित्रांमध्ये शून्यापासून लाल झाला. सेन्सरने पहिलीच नोंद १० किलोमीटरची दिली, तिसरी होईपर्यंत चार मिनिटं गेली. भोंगा वाजला तेव्हा नाल्यापलीकडची माणसं अर्ध्या वाटेत भिजत होती. कोणाला काही झालं नाही.

यातून दोन गोष्टी बदलल्या. वादळाची कड मोजून 'एवढा वेळ आहे' असं कधीच सांगायचं नाही. मुख्य ढगाच्या पुढे ३० किलोमीटरपर्यंत नवा ढग फुटू शकतो असं धरायचं. आणि तीन नोंदींचा नियम कायम ठेवायचा नाही. रडारवर वादळ ६० च्या वर्तुळात आलेलं असेल तेव्हा सेन्सरची एकच नोंद पुरेशी मानायची. रडार स्वच्छ असेल तेव्हा तीन. म्हणजे यंत्राला कोणीतरी सांगायला हवं, आज सावध राहा.

१८ मे

हे सांगणं फोनवरून जमवलं. मोठ्या पेटीतल्या सिमवर मिस कॉल द्यायचा. नंबर ओळखीच्या यादीतला असला तर यंत्र तीन तासांसाठी 'सावध' होतं आणि फोन कापतं, पैसे लागत नाहीत. यादीत मामाचा पोरगा, मी, अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील. रडार पाहायला मी नागपुरात असलो तरी चालतं. उलट गावात लाइन गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो, म्हणून मिस कॉल वादळ ६० वर असतानाच द्यायचा, ४० ची वाट पाहायची नाही.

सिम८००एल ने पुष्कळ वेळ खाल्ला. घंटी आली की मॉड्यूल बंद पडून परत सुरू. नेटवर्कशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, बारीक वायर आणि छोटा कन्व्हर्टर तेवढा देत नाही. जाड वायर, मॉड्यूलच्या पायाशीच १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ३ अँपिअरचा कन्व्हर्टर लावल्यावर शांत झालं. हे मॉड्यूल फक्त टूजी चालवतं. गावात कोणत्या कंपनीचं टूजी आहे ते विचारूनच सिम घ्या. आमचं पहिलं सिम फुकट गेलं.

२६ मे, नवतपा

काल दुपारी पावणेपाचला भोंगा वाजला. सावध मोडमध्ये, १७ किलोमीटरच्या नोंदीवर. लोक आले. नाल्यापलीकडच्या बायाही आल्या, ढग डोक्यावर यायच्या आधी. आणि शाळेला कुलूप होतं.

सुट्ट्या लागल्या आहेत, किल्ली तालुक्याच्या गावी. चाळीसेक माणसं शाळेच्या टिनाच्या पडवीत उभी राहिली, लोखंडी खांबांना टेकून. टिनाचं छप्पर आणि उघड्या बाजू, ही जागा झाडाखालच्यापेक्षा फार बरी नाही. मामा आणि दोघं-तिघं धावत समाजमंदिरात गेले, ते उघडं होतं, तिथे स्लॅब आहे, सगळ्यांना तिकडे नेलं. शेवटचे लोक आत शिरताना पहिली जवळची कडाड झाली. लखलखाट आणि आवाज यांत सहा सेकंद, म्हणजे २ किलोमीटर.

अडीच महिने चिप, अँटेना, बॅटरी यांत गेले आणि दाराची किल्ली कोणीच विचारली नव्हती. आज सकाळी ग्रामपंचायतीत बसून ठरवलं: समाजमंदिर हीच पहिली जागा, ते ३ ते ८ उघडं राहील. शाळेच्या दोन खोल्यांची जादा किल्ली अंगणवाडीताईंच्या घरी, दुसरी कोतवालाकडे. नाल्यापलीकडच्यांसाठी तिकडच्या एका शेतकऱ्याचं पक्कं स्लॅबचं गोदाम आहे, त्याने विनाअट हो म्हटलं. त्यामुळे त्या लोकांचे २५ मिनिटांचे १० झाले. एवढा फरक कोणत्याही सेन्सरने पाडला नसता.

१ जून

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताईंनी समाजमंदिरात छातीदाब करून दाखवला. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. हे ऐकून अर्धे लोक चकित झाले; कालपर्यंत इथे शेण लावायचं, मातीत पुरायचं असंच चालत होतं. श्वास थांबला असेल तर तिथेच दाब सुरू करायचा आणि १०८ ला फोन करायचा. पोरांनी उशीवर सराव केला, आणि म्हाताऱ्या बायाही पुढे आल्या.

वावरातच अडकलो तर काय, हाही प्रश्न आला. झाडापासून, तारेच्या कुंपणापासून आणि ट्रॅक्टरपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, घोळका करायचा नाही. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षित जागा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

९ जून, मृग लागलं

धूळपेरणी केलेले लोक पावसाकडे डोळे लावून आहेत. दुपारी वादळ आलं, यावेळी पांढुर्ण्याकडून. मिस कॉल वेळेवर, भोंगा २० वर, सगळे आत. अडचण नंतरची: पाऊस थांबला तसे लोक निघाले. सेन्सरवर अजून ६, ८ किलोमीटरच्या नोंदी येत होत्या. पाऊस ओसरल्यावर मागे रेंगाळलेल्या ढगातूनही वीज पडते, आणि नेमकी तेव्हा माणसं वावरात परतत असतात. नियम असा आहे की शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं थांबायचं, पण सांगून कोणी थांबत नव्हतं.

म्हणून यंत्रालाच सांगायला लावलं. शेवटच्या नोंदीनंतर ३० मिनिटं कोरडी गेली की भोंगा तीन वेळा तुटक वाजतो. लांब वाजला म्हणजे आत या, तुटक वाजला म्हणजे जा. मामी म्हणाली, "आता कसं बरं झालं. आधी कोणी म्हणे थांबा, कोणी म्हणे चला. आता भोंगाच सांगते." रोजाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. मोठ्या तीन शेतकऱ्यांनी भोंग्याचा वेळ कापणार नाही असं बैठकीत कबूल केलं. बाकीच्यांशी बोलणं सुरू आहे. मला विचाराल तर इथून पुढचा सगळा जोर याच कामावर लागायला हवा.

२२ जून

आता पाऊस लागून राहिला आहे, रोजच्या वादळांचा हंगाम सरला. सध्याची सेटिंग, जशीच्या तशी घ्यायची असेल तर: अँटेनाची पायरी ज्याची त्याने मोजून, चिप 'आउटडोअर' मोडवर, आवाजाची पातळी २, स्पाइक गाळणी ३, किमान विजांची संख्या चिपमध्ये १, बाकी हिशोब प्रोग्रॅममध्ये. सावध असताना २० किलोमीटरच्या आत एक नोंद, एरवी दहा मिनिटांत तीन. १० च्या आत एक नोंद आली तर कोणत्याही मोडमध्ये भोंगा. खोटे भोंगे वाजले, सगळे शिवारात मोटरी सुरू होण्याच्या वेळेचे आणि सगळे या १० च्या नियमावर. तो नियम मी काढणार नाही. अचानक डोक्यावर फुटणाऱ्या ढगासाठी दुसरं काही हाताशी नाही, आणि गावाला हे कारण बैठकीत सांगून पटलेलं आहे.

खर्च: चालू यंत्राचं सामान सुमारे ६,८०० रुपये. वाया गेलेल्या वस्तू, म्हणजे पहिली पेटी, सेल, सिम, रेग्युलेटर, एक जळलेला रिले, मिळून आणखी सव्वादोन हजार. ग्रामपंचायतीने भोंगा आणि बॅटरीचे पैसे दिले, बाकी आम्ही वाटून घेतले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन एए सेल बदलायचे आणि अँटेनाची फ्रिक्वेन्सी पुन्हा मोजायची. पावसाळ्याच्या ओलीने ती सरकली असेल. परतीच्या पावसात सोयाबीन काढणी असते, मागोमाग कापूस वेचणी, आणि त्या वेळी बाहेरगावचे मजूर येतात. त्यांना पहिल्याच दिवशी भोंगा ऐकवायचा आणि समाजमंदिर, शाळा, गोदाम या तिन्ही जागा चालत नेऊन दाखवायच्या. हे काम अंगणवाडीताईंनी अंगावर घेतलं आहे.